टेंडरची कागदं आरटीआयमध्ये मागितलीत, आमचं कॉस्टिंग शीट पण जाणार का?

रबाळे_वर्कशॉप:
नमस्कार मंडळी. रबाळे एमआयडीसीत बाबांचं फॅब्रिकेशनचं छोटं युनिट आहे, आता मीच बघते, सगळे मिळून १४ जण. मागच्या वर्षी एका सरकारी वसतिगृहाचं टेंडर मिळालं, स्टीलची हात धुवायची बेसिनं आणि स्टँड, माल दिला, बिलही निघालं. आणि सोमवारी रजिस्टरनं पत्र आलं की माहिती अधिकार कायदा कलम ११, त्रयस्थ पक्ष म्हणून तुमचं म्हणणं १० दिवसांत लेखी कळवा. कोणीतरी आमची टेंडरची अख्खी फाईल मागितलीय, नाव बघितलं तर आमच्याच लाईनमधला माणूस, त्याच टेंडरला दुसरा आलेला!
त्यात रेट अ‍ॅनालिसिसचं एक पान आहे, कळंबोलीत शीट कोणाकडून काय भावानं घेतो, वेस्टेज किती धरतो, एका नगाला वेल्डिंगची किती मिनिटं, मार्जिन किती, सगळं. आणि जिगचं, म्हणजे वेल्डिंग करताना शीट धरून ठेवणाऱ्या साच्याचं ड्रॉइंग. १८ गेजचा कोपरा वेल्ड करताना शीट वाकते, ती वाकू नये म्हणून बाबांनी स्वतः जिग बनवलाय, दोन वर्षं घालवली त्यात. टेक्निकल कमिटीनं विचारलं म्हणून आम्ही ड्रॉइंग जोडलं होतं. हे पण देऊन टाकणार का? बाबा दोन दिवस नीट जेवले नाहीयेत.

महापे_मशीनिंग:
ताई सरळ लिहून द्या, आमची काही म्हणजे काहीच माहिती देऊ नये, सगळं गोपनीय आहे. तुम्ही हरकत घेतली की त्यांना देताच येत नाही, विषय संपला.

कळव्याचे_काका:
वरच्यांचं ऐकू नका, नुकसान होईल. मी एका कार्यालयात नऊ वर्षं जन माहिती अधिकाऱ्याच्या हाताखाली हेच काम केलंय. हरकत घेतली म्हणून माहिती आपोआप अडत नाही, तुमचं म्हणणं ऐकून घ्यायचं त्यांच्यावर बंधन आहे पण निर्णय त्यांचा. आणि "सगळंच गोपनीय" असं एका ओळीचं पत्र आलं की अधिकारी काय करणार, कशामुळे गोपनीय ते लिहिलेलंच नसतं, मग सगळी फाईल झेरॉक्सला जाते. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय हे.
तुमच्या कामाचं कलम ८(१)(घ) आहे. व्यापारी गुपित किंवा धंद्यातली गोपनीय माहिती, जी उघड झाली तर त्रयस्थाच्या स्पर्धेतल्या स्थानाला धक्का बसेल, ती नाकारता येते, व्यापक जनहित असेल तर मात्र द्यावी लागते. म्हणजे नुसता "कॉन्फिडेन्शियल" शिक्का मारून भागत नाही, धक्का कसा बसेल ते दाखवावं लागतं. तेव्हा पानापानाचं लिहा. पान अमुक, जिगचं ड्रॉइंग, हे स्वतः विकसित केलंय, बाजारात कोणाकडे नाही, मिळालं तर दुसरा पुढच्या टेंडरला तसाच माल काढेल. पान तमुक, सप्लायर आणि मार्जिन, हे कळलं की आमच्या पुढच्या भावाचा अंदाज त्याला आधीच लागतो. आणि कलम १० चा उल्लेख नक्की करा, त्यात नाकारायचा भाग वेगळा काढून बाकीचं देता येतं.
दहा दिवस पत्र मिळाल्यापासून मोजायचे, म्हणून पोस्टाच्या तारखेचं पाकीट फेकू नका. अर्ज आल्यापासून ४० दिवसांत त्यांना निर्णय द्यावा लागतो, तो तुम्हालाही कळवतात. विरोधात गेला तर ३० दिवसांत पहिलं अपील, तुम्हालाही आहे तो अधिकार.

रबाळे_वर्कशॉप:
काका खूप आभार. पण तो आमचा स्पर्धक आहे हे लिहिलं तर नाकारतील ना?

कळव्याचे_काका:
लिहा, पण त्यावर भिस्त ठेवू नका. कलम ६(२) प्रमाणे अर्जदाराला कारण विचारता येत नाही, तो कोण आहे यावर माहिती ठरत नाही. आज त्याला दिलं ते उद्या कोणालाही मिळणार असं धरूनच लिहा.

कोपरीकर:
ताई, मी दुसऱ्या बाजूचा माणूस, ठाण्यात दहाएक वर्षं आरटीआय टाकतो, तरी तुमची काळजी मला पटते. फक्त एक विनंती, भावावर हरकत घेऊ नका. मंजूर रेट, वर्क ऑर्डर, बिलं, मोजमाप, मटेरियलचं टेस्ट सर्टिफिकेट, हे जनतेच्या पैशाचं आहे. आमच्या इकडे एका सरकारी इमारतीत ३०४ ग्रेड, म्हणजे सहसा न गंजणारं स्टेनलेस स्टील, असं लिहून सिंक बसवले आणि वर्षात गंज चढला, पाण्याखाली हात धरला की बोटाला तांबूस लागायचं. टेस्ट सर्टिफिकेट मागितलं तर उत्तर आलं की ठेकेदाराची व्यावसायिक गोपनीयता! ग्रेड कसली हो गोपनीय, मुलं तिथं पाणी पितात. अपिलात मिळालं शेवटी, पण सात महिने गेले.
झारखंड उच्च न्यायालयानं २००७ मध्येच म्हटलंय की टेंडरचा निर्णय झाल्यावर निविदाधारकांची कागदपत्रं झाकून ठेवण्यात अर्थ नाही. त्यामुळे "टेंडर गोपनीय असतं" हा मुद्दा टिकणार नाही, जिगचा टिकू शकतो. व्यापारी गुपितांसाठी आपल्याकडे अजून वेगळा कायदाच नाही, विधी आयोगानं २०२४ च्या २८९ व्या अहवालात मसुदा दिलाय तेवढंच, म्हणून तुमच्यासारख्या छोट्या युनिटला आत्ता हे ८(१)(घ) नीट वापरावंच लागेल. आणि पुढच्या वेळी असं ड्रॉइंग वेगळ्या पाकिटात, वर गोपनीय असं लिहून द्या, कलम ११ त्रयस्थानं गोपनीय मानलेल्या माहितीलाच लागतं.

महापे_मशीनिंग:
बरोबर आहे, माझं चुकलं. मला वाटायचं हरकत म्हणजे झालं.

रबाळे_वर्कशॉप:
अपडेट देते. काल रात्री बाबांबरोबर फाईल घेऊन बसले, एकूण ३१ पानं. त्यातल्या दोनच पानांवर हरकत घेतली, ड्रॉइंग पूर्ण आणि रेट अ‍ॅनालिसिसमधले सप्लायर, वेळ, मार्जिनचे कॉलम. खालची एकूण रक्कम उघडी ठेवली. ३०४ चं टेस्ट सर्टिफिकेट द्यायला आमची हरकत नाही हे बाबांनी मुद्दाम वेगळ्या ओळीत लिहायला लावलं. आज सकाळी नेऊन दिलं, आवकचा शिक्का मारलेली पोच घेतली. निर्णय आला की इथंच टाकते.