सिंकला कोणती जाळी लावू? पाइप तुंबून खालच्या काकूंकडे पाणी चढतंय (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

आम्ही जुळे सोलापूरला जुन्या अपार्टमेंटमध्ये पहिल्या मजल्यावर राहतो. आमच्या, वरच्यांच्या आणि तळमजल्यावरच्या काकूंच्या सिंकचं पाणी एकाच उभ्या पाइपातून खाली जातं. तो पाइप खालच्या वळणावर तुंबला की आम्हाला कळतही नाही. आमचं सिंक व्यवस्थित रिकामं होतं आणि तेच खरकटं पाणी काकूंच्या सिंकमध्ये वर येतं. त्या एकट्याच असतात, गुडघे धरलेले, तरी वाटीने पाणी उपसून बादलीत भरत बसतात. बघवत नाही.

मागच्या खेपेला प्लंबरने स्प्रिंग घालून जे ओढून काढलं ते मी जवळून पाहिलं. राखाडी, मेणचट गोळा. त्यात शेंगदाण्याची लाल सालं, चहाचा चोथा, घासणीचे धागे अडकलेले आणि फोडल्यावर आंबलेल्या पिठाचा वास. म्हणजे आपल्या रोजच्या स्वयंपाकातलंच सगळं. भाकरीची परात, शेंगाची चटणी, कालवणाचं तेल. त्यात इथे नळाला रोज पाणी नसतं, त्यामुळे आम्ही टबात थोडक्या पाण्यात भांडी विसळतो. पाइपातला गाळ वाहून जाईल इतकं पाणी कधी एकदम जातच नाही.

आता जाळीचं. सिंकची मूळची स्टीलची जाळी मोठ्या भोकांची आहे. भाताची शितं अडतात, कूट सरळ जातं. म्हणून बारीक विणीची चपटी जाळी आणली. ती सगळं अडवते, पण परात धुतली की तिच्यावर पिठाचा चिकट थर बसतो आणि पाणी उतरेनासं होतं. मग सासूबाई जाळी उचलून बाजूला ठेवतात आणि अडलेलं सगळं एका दमात खाली जातं. त्यांना दोष देत नाही. पाणी आलेल्या दिवशी भांडी, धुणं, भरणं एकदमच चालू असतं, तुंबलेल्या सिंकपाशी कोण थांबणार?

बारीकही असेल आणि पाणीही उतरेल अशी जाळी कुणी वापरता का? आणि दर महिन्याला ड्रेन साफ करायची पावडर टाकली तर चालेल का? वरच्या मजल्यावरच्यांनाही सांगायचंय, म्हणून नीट माहिती हवी आहे.

प्रतिसाद

ताई, चपटी जाळी नको, खोल वाटीची घ्या. बारीक वीणच, पण बाजूनेही भोकं असलेली. तळ भरला तरी पाणी बाजूने उतरतं. दुकानात जायच्या आधी सिंकच्या भोकाचा व्यास पट्टीने मोजा. जाळीची कड भोकावर घट्ट बसली नाही तर खालून सगळं निसटतं.

आणि पीठ सिंकपर्यंत येऊच देऊ नका. आमच्याकडे भाकऱ्या झाल्या की परात तशीच वाळू देतो, मग उलथन्याने खरवडून ते पीठ ओल्या कचऱ्यात. दोन मिनिटांचं काम आहे. शेंगाच्या चटणीचं भांडंही आधी भाकरीच्या तुकड्याने पुसून घ्यायचं, धुवायचं नंतर.

प्रतिसाद

मी प्लंबिंगचं काम करतो. जाळी हवीच, पण तेल कुठल्याच जाळीत अडत नाही. गरम असताना पातळ असतं, पाइपात थंड होऊन भिंतीला धरतं आणि त्यावर कूट, पीठ चिकटत जातं. बोअरचं जड पाणी असेल तर साबण आणि क्षार मिळून आणखी पांढरा थर बसतो. कढई, तवा आधी जुन्या वर्तमानपत्राने पुसा. तळणीचं तेल सिंकमध्ये कधीच ओतू नका.

पावडर दर महिन्याला नको. त्यात बहुतेक कॉस्टिक सोडा असतो. पाण्यात तो खूप तापतो, हातावर उडाला तर भाजतो. पूर्ण तुंबलेल्या पाइपात टाकलात तर तिथेच साठून राहतो आणि नंतर पाइप खोलणाऱ्याच्या अंगावर येतो. त्यावर ॲसिड तर मुळीच टाकू नका. उकळतं पाणीही नको, पीव्हीसी पाइप मऊ पडतो. हाताला सोसेल इतकं गरम पाणी घ्या. सिंकखाली बाटलीसारखा ट्रॅप (पाणी साठवून वास अडवणारा भाग) असेल तर खाली बादली ठेवून त्याची वाटी फिरवून काढा, धुवा, वायसर नीट बसवून परत लावा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. सिंकखाली बाटलीचा ट्रॅपच आहे, पण कधी खोललेला नाही आणि वाटी हाताने फिरत नाहीये. पाना लावू का?

प्रतिसाद

प्लास्टिकचा असेल तर पाना नको, चीर जाते. कोरड्या फडक्याने घट्ट धरून डावीकडे फिरवा. तरीही सुटला नाही तर कुणाला तरी बोलावून खोला. आणि काकूंच्या पाइपाचं खालचं वळण साफ करायला तिथे झाकण आहे का बघा. नसेल तर सगळ्यांनी मिळून बसवून घ्या, पुढच्या वेळी स्प्रिंग तिथूनच घालता येईल.

धागाकर्ती

झाकण नाही. रविवारी वरच्यांशी बोलते. सासूबाईंनी हा धागा वाचला, खोल वाटीची जाळी त्यांना पसंत आहे. एक काकूंसाठीही आणते.