तापल्यावर ठेचकाळणारी बुगाटी टाइप 35

जुने_चाक:

सप्रेम नमस्कार. माझ्या देखभालीखाली 1926 सालची बुगाटी टाइप 35 ही शर्यतीची मोटार आहे. तिचे आठ सिलिंडरांचे, 1991 सीसीचे इंजिन सुपरचार्जरविरहित (जास्तीची हवा दाबून भरणारा पंप नसलेले) आहे. चार-चार सिलिंडरांच्या दोन ब्लॉकांना दोन स्वतंत्र सोलेक्स कार्ब्युरेटर पेट्रोल पुरवतात, तर आठही प्लगना ठिणगी देणारा मॅग्नेटो (स्वतःच वीज तयार करणारे यंत्र) एकच असून तो डॅशबोर्डात बसवलेला आहे.

बरीच वर्षे उभी असलेली ही मोटार नुकतीच पुन्हा चालू केली. थंड असताना ती चटकन सुरू होते आणि अतिशय गोड चालते. परंतु वीसेक मिनिटांनी इंजिन पुरते तापले की मिनिटाला 3000 फेऱ्यांच्या वर ती ठेचकाळू लागते, मधूनच एखादा बार होतो, आणि शेवटी ती बंद पडते. अर्धा तास थांबल्यावर पुन्हा जणू काही घडलेच नाही अशी चालू होते. दोन्ही कार्ब्युरेटर मी तीन वेळा उघडून स्वच्छ केले, प्लगही नवे घातले, पण फरक पडला नाही. पेट्रोल 10 टक्के इथेनॉल मिसळलेले आहे. या इंजिनाचे हेड (सिलिंडरांवरचे झाकण) ब्लॉकपासून सुटे होत नाही, त्यामुळे व्हॉल्व्ह पाहायचे झाले तर ब्लॉकच उतरवावा लागेल. ते मोठे काम हाती घेण्यापूर्वी आणखी काय तपासावे, याबद्दल जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

मॅग्नेटोवाला:

ब्लॉक उतरवण्याची घाई कृपया करू नका, आणि कार्ब्युरेटरही चौथ्यांदा उघडू नका. आपल्या इंजिनाची रचनाच आपल्याला अर्धे उत्तर देऊ शकते. कार्ब्युरेटर दोन आहेत आणि मॅग्नेटो एक आहे; तेव्हा दोष एका कार्ब्युरेटरचा असेल तर त्याच्याच चार सिलिंडरांवर तो दिसला पाहिजे. मोटार ठेचकाळत असतानाच इंजिन बंद करून लगेच आठही प्लग काढा आणि क्रमाने मांडून ठेवा. काजळी किंवा ओल एका ब्लॉकापुरती न राहता दोन्ही ब्लॉकांत विखुरलेली दिसली, तर संशय मॅग्नेटोवर घ्यावा लागेल.

आपण सांगितलेली लक्षणे जुन्या मॅग्नेटोत नेहमी आढळतात. त्याच्या आर्मेचरमध्ये, म्हणजे आतल्या फिरत्या भागात, जाड तारेची प्राथमिक आणि बारीक तारेची दुय्यम अशा दोन गुंडाळ्या असतात, आणि पॉइंट (प्रवाह जोडणारी-तोडणारी टोके) उघडताना प्राथमिक गुंडाळीतला प्रवाह झटकन तुटावा म्हणून जोडीला कंडेन्सर असतो. वयपरत्वे कंडेन्सरचे इन्सुलेशन कमकुवत होते. थंड असताना ते कसेबसे तग धरते; तापल्यावर मात्र त्यातून प्रवाह झिरपू लागतो, पॉइंटांवर निळसर ठिणग्या उडतात आणि प्लगपर्यंत पोहोचणारी ठिणगी फिकी पडते. आठ सिलिंडरांच्या फोर-स्ट्रोक इंजिनाला 3000 फेऱ्यांवर सेकंदाला 200 ठिणग्या लागतात, हे लक्षात घेतले म्हणजे दोष आधी वरच्या गतीलाच का जाणवतो हे कळेल. दुसरी शक्यता अशी की गुंडाळीवरचे जुने लाखेचे इन्सुलेशन उष्णतेने मऊ होऊन पाझरू लागले असेल. आर्मेचरवर तपकिरी, चिकट थर दिसला तर तेच कारण समजा, आणि मग नव्याने गुंडाळणी करून घेण्याला पर्याय नाही.

एक खबरदारी अवश्य घ्या. ठिणगी तपासताना प्लगची वायर मोकळी लोंबकळत ठेवून इंजिन फिरवू नका, कारण उच्च दाबाच्या विजेला बाहेर वाट मिळाली नाही की ती गुंडाळीच्या आतूनच वाट काढते आणि चांगला मॅग्नेटोही कायमचा जातो. वायरीला प्लग लावून त्याचे धातूचे अंग इंजिनाला टेकवून ठेवा.

तेलपाणी:

मॅग्नेटोचा मुद्दा मला पटतो, तरी पेट्रोलची बाजू अगदीच सोडून देऊ नये असे वाटते. इथेनॉल 78 अंश सेल्सिअसला उकळते, आणि गरम इंजिनाशेजारून जाणाऱ्या नळीत पेट्रोलची वाफ धरली की लक्षणे बरीचशी अशीच दिसतात. शिवाय या मोटारीच्या टाकीत हातपंपाने हवेचा दाब धरून पेट्रोल पुढे ढकलावे लागते. ठेचकाळताना दाबाचा काटा कुठे असतो, हे आपण पाहिले आहे काय? टाकीचे झाकण नीट बसत नसेल तर दाब हळूहळू उतरतो आणि पुरवठा अपुरा पडतो. उलट पंप जास्त मारला तर कार्ब्युरेटरमधल्या फ्लोटची (तरंगत्या गोळ्याची) पेट्रोल अडवणारी सुई तो दाब रोखू शकत नाही आणि कार्ब्युरेटर ओसंडतो. पुरवठा कमी पडला तर इंजिन सहसा हळूहळू दम सोडते, ठिणगी गेली तर एकदम गचके देते. हा फरक चालवताना हाताला कळतो.

जुने_चाक:

दोघांचेही मनःपूर्वक आभार. दाबाचा काटा शेवटपर्यंत जागचा हलला नाही. प्लग मात्र काढून मांडले तेव्हा पुढच्या ब्लॉकातले दोन आणि मागच्या ब्लॉकातले तीन काळे व ओले निघाले, म्हणजे दोष विखुरलेलाच होता. पॉइंट जळून खडबडीत झाले होते. मॅग्नेटो दुरुस्त करणाऱ्या कारागिराने तो गरम करून तपासला, तेव्हा कंडेन्सर निकामी झाल्याचे आढळले. गुंडाळ्या सुदैवाने शाबूत आहेत. नवा कंडेन्सर आणि नवे पॉइंट बसवल्यावर काल मोटार सलग सव्वा तास चालली आणि 4500 फेऱ्यांपर्यंत एकदाही चुकली नाही. तो आवाज ऐकताना माझे डोळे भरून आले, हे मोकळेपणाने सांगतो.

आता एकच उणीव राहिली आहे. अर्ध्या थ्रॉटलवरून (इंजिनात जाणारे मिश्रण कमी-जास्त करणारी झडप अर्धी उघडी असताना) पेडल दाबले की इंजिन क्षणभर अडखळते आणि कार्ब्युरेटरमधून फटकारा येतो.

मॅग्नेटोवाला:

हे वाचून फार आनंद झाला. कार्ब्युरेटरमधून फटकारा येणे ही मिश्रण पातळ, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी, असल्याची खूण आहे. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने सुमारे 14.7 भाग हवा लागते, इथेनॉलला मात्र 9 भाग पुरते; म्हणून 10 टक्के इथेनॉलच्या इंधनावर जुनेच जेट (पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोक) ठेवले तर मिश्रण साधारण 4 टक्क्यांनी पातळ पडते. तरीही जेटला हात लावण्यापूर्वी इनलेट मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून आणि थ्रॉटलच्या झिजलेल्या दांड्यांच्या कडेने हवा आत येत नाही ना, याची खात्री करा. त्यानंतर दोन्ही थ्रॉटल एकाच वेळी उघडतात की नाही हे तपासा. इंजिन संथ चालू ठेवून रबरी नळीचे एक टोक कानाशी आणि दुसरे आळीपाळीने दोन्ही कार्ब्युरेटरांच्या तोंडांशी धरा, आणि सूं असा आवाज दोन्हीकडे सारखा येईपर्यंत दोन्ही थ्रॉटल जोडणारा मधला दुवा जुळवा. एवढे करूनही अडखळणे राहिलेच तर मुख्य जेट एका पायरीने मोठे घाला. सोलेक्सच्या जेटवरचा अंक मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असतो, म्हणजे 120 अंकाच्या जेटचे भोक 1.20 मिलिमीटरचे. दोन्हीकडे जेट सारखेच बदला, आणि त्या दिवशी दुसरे काहीही बदलू नका.

तेलपाणी:

माझी एक कळकळीची विनंती आहे. 4500च्या वर जाण्याआधी इंजिनात पूर्वी एरंडेलाचे ऑइल वापरले जात होते का, याची चौकशी करा. ते खनिज तेलात मिसळत नाही आणि मोटार वर्षानुवर्षे उभी राहिली की डिंकासारखे घट्ट होते. आपल्या क्रँकचे (पिस्टनांमुळे फिरणाऱ्या मुख्य दांड्याचे) रोलर बेअरिंग ज्या बारीक छिद्रांतून येणाऱ्या तेलावर जगतात, ती छिद्रे अशा डिंकाने अर्धवट बुजली तर वरून काहीच जाणवत नाही. संप (इंजिनाखालचे तेलाचे भांडे) उतरवून ती वाट मोकळी असल्याचे डोळ्यांनी पाहा, आणि तोपर्यंत 3500 फेऱ्यांच्या आत राहा.

जुने_चाक:

पूर्वी एरंडेलच वापरले जात होते. संप याच आठवड्यात उतरवतो. जेटचे काम त्यानंतर.