गार्सिया आडनावाचं मूळ डीएनए चाचणीत सापडतं का? माझं मत : नाही (चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे)

दशमान

स्पॅनिश आडनावांच्या लोकांत एक प्रश्न कायम फिरत असतो : ‘मी गार्सिया, वाय गुणसूत्राची चाचणी केली, आता आमच्या घराण्याचं मूळ सांगा.’ वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडेच जातं म्हणून ही अपेक्षा, पण गार्सियांचं घराणं एकच होतं हे विचारणाऱ्याने आधीच गृहीत धरलेलं असतं. सगळी गोची तिथे आहे.

स्पेनमध्ये पहिलं आडनाव (तिथे प्रत्येकाला दोन असतात) गार्सिया असलेले साडेचौदा लाखांच्या आसपास लोक आहेत, लोकसंख्येच्या जवळपास तीन टक्के. हे सगळे एका पुरुषाचे वंशज असणं शक्य नाही. गार्सिया हे मुळात पाळण्यातलं नाव. नवव्या शतकात उत्तर स्पेनमधल्या पाम्प्लोनाच्या गादीवर गार्सिया इन्यिगेस होता, आणि पुढे नवारापासून कॅस्टील-लेओनपर्यंत घरोघरी हे नाव ठेवलं जाऊ लागलं. बापाचं नाव मुलाच्या नावापुढे लागे : फेर्नांदोचा फेर्नांदेस, सांचोचा सांचेस. गार्सियाच्या मुलाला काही ठिकाणी गार्सेस म्हणत, पण बऱ्याच ठिकाणी प्रत्यय न लावता नुसतं गार्सियाच. ही बापनावं जेव्हा पिढ्यान्‌पिढ्या चालणारी आडनावं झाली, तेव्हा ज्या ज्या गावात कोणी गार्सिया नावाचा बाप होता तिथे आडनावाची नवी शाखा निघाली. एकमेकींशी काडीचा संबंध नसलेल्या शेकडो शाखा.

शिवाय सोळाव्या-सतराव्या शतकापर्यंत आडनाव बापाकडूनच येईल याची खात्री नव्हती. सख्ख्या भावांपैकी एक बापाचं लावतो, दुसरा आईच्या वडिलांचं, बहीण आजीचं, असं सर्रास दिसतं. ‘मायोरास्गो’ म्हणजे अविभाज्य वारसा-जमीन हवी असेल तर संस्थापकाचं आडनाव लावण्याची अट असे, त्यापायीही आडनावं बदलली. बापाचं आणि आईचं अशी दोन आडनावं सरकारदरबारी पक्की झाली ती नागरी नोंदणी १८७१ मध्ये सुरू झाल्यावर.

२०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३७ स्पॅनिश आडनावांच्या सतराशेहून अधिक पुरुषांचं वाय गुणसूत्र तपासलं होतं. दुर्मीळ आडनावांत एकाच पूर्वजाचे गट दिसले. फार प्रचलित आडनावांत तसं काही हाती लागत नाही, रस्त्यावरून कोणीही चार पुरुष उचलल्यासारखं वैविध्य. गार्सिया तर स्पेनमधलं सर्वांत प्रचलित आडनाव. मग चाचणीत येणार काय?

वंशवेल

गार्सियांचा एक मूळपुरुष नाही, इथवर सहमत. त्यावरून चाचणीच निकामी, याला असहमत. तुम्ही साडेचौदा लाख लोकांचा प्रश्न विचारताय आणि उत्तर आलं नाही म्हणून कुरकुरताय. प्रश्न लहान करा : बुर्गोसजवळच्या अमुक गावचा गार्सिया आणि मेक्सिकोतल्या पुएब्लाचा तमुक गार्सिया एकाच पुरुषाचे वंशज आहेत का? याला वाय गुणसूत्र चोख उत्तर देतं.

कृती अशी. नमुना बापाकडून बापाकडे अखंड जाणाऱ्या रेषेतल्या पुरुषाचाच हवा. बाईला शोध घ्यायचा असेल तर वडील, भाऊ, नाहीतर सख्ख्या काकांचा मुलगा. सुरुवात ३७ एसटीआर खुणांनी करावी (डीएनएचे पुन्हा पुन्हा येणारे छोटे तुकडे, ते किती वेळा येतात ते मोजतात). १२ खुणांची जुनी चाचणी स्पेनमध्ये पैसे पाण्यात घालण्यासारखी आहे, कारण तिथले बहुसंख्य पुरुष आर१बी या एकाच मोठ्या हॅप्लोग्रुपचे, म्हणजे एका फार जुन्या पूर्वजापासून निघालेल्या वंशशाखेचे. १२ पैकी १२ जुळणारे शेकड्याने मिळतात आणि त्यांचा समान पूर्वज तीन-चार हजार वर्षांपूर्वीचाही असू शकतो. ३७ पैकी फरक शून्य ते दोन असेल तरच पुढे बोलावं. तीन-चारला १११ खुणांपर्यंत जाऊन पुन्हा बघावं. त्यापुढचा फरक सोडून द्यावा.

जुळलं, तर दोघांचं सखोल एसएनपी वाचन (डीएनएतल्या एकेका अक्षराचे बदल शोधणं) करून घ्यायचं. त्यात साधारण ८०-९० वर्षांत एक नवी खूण पडते, त्यामुळे फांदी कुठे फुटली ते शतकाच्या अदमासाने कळतं. आणि दोन्ही नमुने सख्ख्या चुलतभावांचे घेऊ नका! त्यातून आजोबा एक होते एवढंच सिद्ध होईल. कागदावर सहा-आठ पिढ्या दूर असलेल्या दोन शाखा निवडा. दोघांची खूण सारखी आली तर मधली प्रत्येक पिढी एका फटक्यात तपासून होते.

मध्येच रेषा तुटण्याचं म्हणाल, तर त्याचाही हिशोब आहे. २०१५ च्या कातालान (ईशान्य स्पेनमधल्या कातालोनियाच्या) अभ्यासात ५० आडनावं, सुमारे २५०० पुरुष, १७ एसटीआर आणि ६८ एसएनपी होते. तिथे आडनावात परकं वाय गुणसूत्र शिरण्याचा दर पिढीला १.५ ते २.६ टक्के निघाला. वीस पिढ्या धरा : रेषा न तुटण्याची शक्यता ५९ ते ७४ टक्के. निम्म्याहून जास्त.

अरण्यवाट

पण गार्सिया हे नाव बास्क, म्हणजे उत्तर स्पेनमधल्या वेगळी भाषा बोलणाऱ्या लोकांचं, आहे ना? ‘हार्त्स’ म्हणजे अस्वल किंवा ‘गास्ते’ म्हणजे तरुण, अशा दोन व्युत्पत्ती देतात. मग गार्सिया आडनाव आणि चाचणीत आर१बीची डीएफ२७ शाखा आली, तर मूळ बास्क म्हणायला काय हरकत आहे? बास्क पुरुषांत ती ७० टक्क्यांपर्यंत आहे.

दशमान

हरकत अशी, की उरलेल्या स्पेनमध्येही ती ४० टक्क्यांच्या आसपास आहे. गार्सिया आडनावाचा माणूस आंदालुसियातला असो वा आस्तुरियासचा, डीएफ२७ येण्याची शक्यता चांगलीच. शिवाय ही शाखा चार हजारांहून अधिक वर्षांची. कांस्ययुगात मध्य युरोपाकडून आलेल्या लोकांनी इबेरियातली (स्पेन-पोर्तुगालमधली) पुरुष-गुणसूत्रं जवळजवळ पूर्ण बदलली, तेव्हाची. नाव कागदोपत्री दिसतं ते हजार-बाराशे वर्षांपूर्वी. दोन्हींचा जोडलेला संबंध बादरायण आहे. आणि ‘अस्वल’ आणि ‘तरुण’ दोन्ही व्युत्पत्ती वादातच आहेत, त्यांच्यावर डीएनएचा मजला चढवू नये. नाव बास्क असलं तरी ते ठेवून घेणारा बास्क असायला हवा असं कुठे आहे? राजाचं नाव प्रजा ठेवतेच.

कातालान अभ्यासाचा निष्कर्षही हाच : आडनावाची व्युत्पत्ती परकी असली म्हणून मूळपुरुष परका निघतोच असं नाही. अपवाद अरबी व्युत्पत्तीच्या काही आडनावांचा, त्यांत उत्तर आफ्रिकी हॅप्लोटाइप (खुणांचे संच) जास्त सापडले.

मांडवीकाठ

ज्यू बाजू कोणीच काढली नाही. स्पेनमधून १४९२ मध्ये ज्यूंची हकालपट्टी झाली त्या वेळी आणि त्याआधीही बाप्तिस्मा घेतलेल्या ज्यूंनी अशीच साधी आडनावं घेतली. २००८ साली ११४० पुरुषांवर झालेल्या अभ्यासात इबेरियातल्या १९.८ टक्के वाय गुणसूत्रांचं मूळ सेफार्दी (इबेरियातले) ज्यू आणि १०.६ टक्क्यांचं उत्तर आफ्रिकी दाखवलं आहे. म्हणजे पाचात एक! आपल्या गोव्याचंच उदाहरण घ्या : वनस्पती आणि औषधींवरचे ‘कोलोकियुश’ १५६३ मध्ये गोव्यात छापणारा वैद्य गार्सिया द ऑर्ता. आईबाप स्पेनमधून पोर्तुगालला गेलेले ज्यू. बहीण कातारीना हिला इन्क्विझिशनने (चर्चच्या धर्मन्यायालयाने) १५६९ मध्ये गोव्यात जाळलं, आणि १५८० मध्ये त्याची हाडं उकरून जाळली. गार्सिया नावामागे ज्यू मूळ असू शकतं याला आणखी काय पुरावा हवा?

दस्तखत

मांडवीकाठ, ऑर्ताचं आडनाव ऑर्ता होतं. गार्सिया हे त्याचं पाळण्यातलं नाव, त्या काळी इबेरियात कोणाचंही असावं तसं. तो ज्यू वंशाचा होता हे इन्क्विझिशनच्या कागदांवरून कळतं, नावावरून नव्हे.

१९.८ चा आकडाही जपून वापरा. ही टक्केवारी ‘मूळ’ लोकसंख्या म्हणून कोणाचे नमुने धरले यावर उभी असते. सेफार्दींमध्ये सापडणारी बरीच हॅप्लोग्रुपं भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर सगळीकडे आहेत. ती नवाश्मयुगातल्या शेतकऱ्यांबरोबर किंवा फिनिशियन व्यापाऱ्यांबरोबरही आलेली असू शकतात, आणि ही शंका त्या अभ्यासकांनीच नोंदवली आहे. शिवाय धर्मांतरित ज्यू आणि मोरिस्को (बाप्तिस्मा घेतलेले मुसलमान) बहुधा धर्मपित्याचं किंवा गावात रुळलेलं आडनाव उचलत. लपायला गार्सियासारखी जागा नाही. म्हणूनच गार्सियावरून ज्यू ओळखता येत नाही.

स्पेनने २०१५ च्या १२ क्रमांकाच्या कायद्याने सेफार्दी वंशजांना नागरिकत्व देऊ केलं, तेव्हा ‘पाच हजार सेफार्दी आडनावांची सरकारी यादी’ जगभर फिरली. अशी सरकारी यादी नव्हती. आडनाव हा अनेक दाखल्यांपैकी एक दुय्यम दाखला होता.

आता कागदांचं. इथे सगळे लाळेचे नमुने घेऊन बसलेत म्हणून सांगतो, काम उलट दिशेने करा. १८७१ नंतरच्या जन्मासाठी नागरी नोंदणीतून ‘लितेराल’, म्हणजे शब्दशः नक्कल मागा. ‘एक्स्त्राक्तो’ मागितलात तर गोषवारा येतो आणि आजी-आजोबांची नावं हातची जातात. लितेरालमध्ये दोन्हीकडचे आजी-आजोबा असतात आणि बहुधा त्यांची गावंही, तिथून पुढच्या चर्चची नोंदवही कळते. बाप्तिस्म्याच्या वह्या बऱ्याच गावांत सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मिळतात, काही थोड्या त्याआधीच्या. १९३६ च्या यादवीत पुष्कळ वह्या जळाल्या. तशा गावासाठी कॅस्टीलच्या मुलखात १७५० च्या सुमाराची एन्सेनादाची (त्या नावाच्या मंत्र्याने करासाठी केलेली) पाहणी बघावी, तिच्यात घरटी कुटुंबप्रमुख आहेत. बास्क प्रांत, नवारा आणि आरागॉनच्या मुलखात ती झालीच नाही, तिथे शोधत बसू नये. कोणी हिदाल्गो, म्हणजे करमाफी असलेला कुलीन, असल्याचा दावा न्यायालयात लढला असेल तर वायादोलिदच्या चान्सिलेरियातले (उच्च न्यायालयातले) खटले म्हणजे घबाडच : साक्षीदारांसकट तीन-चार पिढ्या आयत्या मिळतात.

गार्सिया शोधताना नेहमी दोन्ही आडनावं धरून शोधा. स्पेनमध्ये बाई लग्नानंतर आडनाव बदलत नाही, त्यामुळे ‘गार्सिया’ निरुपयोगी असलं तरी ‘गार्सिया आणि आईचं दुर्मीळ आडनाव’ ही जोडी गावात एखादीच असते. (‘गार्सिया गार्सिया’ दिसलं की नात्यात लग्न झालं असं लगेच समजू नये. तीन टक्के लोकांत ते आपोआपच घडतं.) आणि आलावा प्रांतातलं ‘गार्सिया दे’ पुढे गावाचं नाव असं जोडआडनाव मिळालं तर नशीब उघडलं, कारण शोध त्या एका खेड्यावर येतो. अमेरिकेत गेल्यावर मात्र हे शेपूट बरेचदा गळून नुसतं गार्सिया उरलेलं असतं.

अरण्यवाट

फिलिपिन्समध्येही गार्सिया ढिगाने आहेत. ते सगळे स्पॅनिश शिपायांचे वंशज?

दस्तखत

नाही. काहींकडे ते बाप्तिस्म्यातून आलं, आणि १८४९ मध्ये गव्हर्नर क्लावेरियाने हुकूम काढून आडनावांची छापील यादीच प्रांतोप्रांती पाठवली. तिथल्या गार्सियांत बापाची रेषा बहुतांशी ‘ओ’ हॅप्लोग्रुपची निघते, ती पूर्व आणि आग्नेय आशियातली.

दशमान

वंशवेल, तुमच्या ५९ ते ७४ टक्क्यांत सुरुवातीची शंभर-दीडशे वर्षं फुगवलेली वाटतात. तेव्हा भावंडं वेगवेगळी आडनावं लावत होती.

वंशवेल

त्या दरात दत्तक आणि आईचं आडनाव लावणं हेही धरलेलं आहे, वेगळं वजा करायचं नाही. मूळपुरुषांचा काळही तिथे सरासरी ५०० वर्षांपूर्वीचा निघाला, आडनावं सुरू झाली त्या बाराव्या-तेराव्या शतकातला नव्हे. तुम्ही म्हणता तो गोंधळ त्याआधीचा जास्त.

दशमान

ते कातालोनियाचं, आणि निवडलेल्या ५० आडनावांचं. सोळाव्या शतकातल्या सेव्हियाला, जिथून निम्मी अमेरिका वसवायला माणसं निघाली, तोच दर लावणं मला पटत नाही.

वंशवेल

तर मग लावू नका. बाप्तिस्म्याच्या वहीत तुमचा सर्वांत जुना पुरुष १५९० चा असेल, तर त्याच्या दोन मुलांच्या शाखांमधून एकेक नमुना घ्या आणि ३७ खुणा जुळवा. जुळल्या तर त्या पुरुषापर्यंतची रेषा पक्की, दर काहीही असो. नाही जुळल्या तर तिसऱ्या शाखेचा नमुना घ्या, म्हणजे कुठल्या बाजूला तुटली ते कळेल.

दशमान

आणि त्या १५९० च्या पुरुषाचा बाप गार्सिया होता की आजी?

वंशवेल

त्यासाठी दस्तखत यांनी सांगितलेले खटले चाळावे लागतील. लाळेत ते मिळणार नाही.