मदत हवी आहे: आयुक्तांची शिफारस कोर्टात किती चालते?

इंदूरला सरकारी कार्यालयात लिपिक आहे. नोकरीत असतानाच उजवा हात गेला आणि मला खालच्या पदावर टाकलं. (डाव्या हाताने टायपिंग होतं, पण बघतो कोण!) दिव्यांग हक्क कायदा 2016 चं कलम 20(4) याला मनाई करतं. दिव्यांगांसाठीच्या राज्य आयुक्तांकडे तक्रार केली, शिफारस माझ्या बाजूने आली. कलम 81 प्रमाणे तीन महिन्यांत कारवाई किंवा नकाराची कारणं कळवायला हवीत. आता पाचवा महिना चालू आहे. आवक शिक्क्याची पोच आहे, दोन स्मरणपत्रं दिली. उत्तर एकच: ‘फाइल वर गेलीय.’ शिफारस नाकारता येते हे ठाऊक आहे. हायकोर्टाच्या इंदूर खंडपीठात रिट याचिका (सरकारी कार्यालयाला आदेश द्यावा म्हणून) केली तर आयुक्तांच्या निष्कर्षाला वजन मिळतं, की सगळं पहिल्यापासून सिद्ध करावं लागतं?