जुन्या मसाला कंपनीचं नाव आणि लोगो: सगळं एकदम बदलावं का?

इतवारीकर:
मसाले-पापडाची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. नाव चार शब्दांचं, पाकिटावर दोन ओळी खातं. आता एकच शब्द ठेवायचा आहे, लोगोही नवा. कंपनीचं नाव, पाकीट, पाटी एकाच वेळी बदलू का? जुन्या छापील रोलचा साठा बराच पडून आहे.

धंतोली_सीए:
कंपनीचं नाव बदलूच नका, भाऊ. ब्रँड तेवढा बदला. पुढे नवा शब्द, मागे उत्पादक म्हणून जुनंच नाव. टाटांच्या इथल्या गिरणीचं नोंदणीतलं नाव सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी होतं. नागपूरला ती १८७७ पासून एम्प्रेस मिलच. झोमॅटोनेही २०२५ मध्ये कंपनीचं नाव इटर्नल केलं, ॲपला हात लावला नाही.

तरी बदलायचंच असेल तर आधी कंपनी निबंधकाकडे नवं नाव राखून घ्यावं लागतं. ते ६० दिवसच टिकतं, त्यातच भागधारकांचा विशेष ठराव, मग एमजीटी-१४ (ठरावाचा) आणि आयएनसी-२४ (नाव बदलाचा) हे फॉर्म. नवं प्रमाणपत्र येईपर्यंत कायद्याने जुनंच नाव चालतं, म्हणून त्याआधी काही छापू नका. पुढे दोन वर्षं पाटीवर आणि लेटरहेडवर जुनं नावही दाखवावं लागतं. जीएसटीत १५ दिवसांत दुरुस्ती. पॅन, बँक, अन्न परवाना वेगळेच.

ट्रेडमार्क मात्र दोन्ही वाटांनी लागतोच. मसाले-पापड ट्रेडमार्कच्या क्लास ३० मध्ये, म्हणजे मालाच्या तिसाव्या वर्गात येतात. शब्द आणि लोगो असे दोन वेगळे अर्ज करा. उद्यम (लघुउद्योग नोंदणीचं) प्रमाणपत्र असेल तर ऑनलाइन प्रत्येकी ४,५०० रुपये. लोगो पुढे पुन्हा बदलेल, शब्दाची नोंदणी तशीच राहील. नोंदलेल्या लोगोत ओळखच पालटेल असा फेरफार करता येत नाही, त्याला नवा अर्ज लागतो. जुना ट्रेडमार्कही वापरात ठेवा, पाकिटाच्या मागे छोटा छापला तरी चालेल. सलग पाच वर्षं वापरला नाही तर कोणी तो रद्द करायला अर्ज करू शकतो.

विको_विप्रो:
शब्द निवडताना ‘सावजी’, ‘शुद्ध’, ‘वऱ्हाडी’ टाळा. अशा वर्णनाच्या शब्दांवर एकट्याचा हक्क मिळणं कठीण. तुमच्याच चार शब्दांची आद्याक्षरं जुळवून बघा. विको म्हणजे विष्णू इंडस्ट्रियल केमिकल कंपनी, आणि अमळनेरची वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स पुढे विप्रो झाली.

रोटो_छपाई:
गिऱ्हाईक पाकीट वाचत नाही, रंग आणि चित्र ओळखतं. २००९ मध्ये ट्रॉपिकाना या ज्यूसच्या ब्रँडने डब्यावरचं स्ट्रॉ खोचलेलं संत्रं काढलं आणि दोन महिन्यांच्या आत जुनं पॅकिंग परत आणावं लागलं. तुमचा मूळ रंग आणि चित्राची जागा तीच ठेवा, अक्षरं बदला.

लोगो आधी देवनागरीत काढा. इंग्रजीवरून बेतला की वेलांटी-उकाराला जागा उरत नाही. १० ग्रॅमच्या पाकिटाएवढा छापून बघा: बारीक शिरोरेघ तुटते, अनुस्वार भरून जातो. पारदर्शक फिल्मवर रंगामागे पांढरा थर हवाच, नाहीतर आतला मसाला दिसून लाल रंग मळकट वाटतो. ग्रॅव्ह्युअरमध्ये (कोरलेल्या सिलिंडरने होणारी रोलची छपाई) दर रंगाला वेगळा सिलिंडर लागतो, त्यामुळे ‘नवं पॅकिंग’ ही पट्टी मुख्य डिझाइनमध्ये घालू नका. स्टिकर लावा, सहा महिन्यांनी ती काढायला सिलिंडर पुन्हा करावा लागणार नाही. आणि आयमार्क, म्हणजे कुठे कापायचं ते मशीनला दाखवणारी रोलच्या कडेची खूण! डिझायनर हमखास त्यावर गडद पट्टा ओढतो. सेन्सरला ती खूण दिसली नाही की मशीन पाकीट मधोमध कापतं.

पाटीचंही बघा: राज्याच्या कायद्याने मराठी देवनागरी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान चालत नाहीत.

इतवारीकर:
म्हणजे कंपनीचं नाव तसंच. मग जुने रोल?

रोटो_छपाई:
उत्पादकाचं नाव-पत्ता तोच, म्हणजे बिनधास्त वापरा. आधी ५०० ग्रॅम आणि किलोची पाकिटं बदला, ती घेणारा दुकानदाराला विचारून घेतो. १० ग्रॅमवालं माळेवरून नुसतं बघून तोडतात, ते शेवटी. एकाच माळेत जुनी-नवी मिसळू देऊ नका, नक्कल समजून दुकानदार परत पाठवतो.