मदत हवी आहे: रोजच्या ४० मिनिटांत गाण्याचा रियाज कसा बसवू?

गांधर्व महाविद्यालय मंडळाची शास्त्रीय गायनाची 'प्रवेशिका पूर्ण' परीक्षा कॉलेजात असताना झाली. पुढचं "नंतर बघू" म्हणता म्हणता १९ वर्षं गेली. आता विशारद या वरच्या परीक्षेपर्यंत जायचंच आहे, म्हणून जूनपासून परत शिकतेय. पहिलं लक्ष्य लगेच पुढची परीक्षा, मध्यमा प्रथम.

क्लास आठवड्यातून एकदा, शनिवारी. नोकरी ठाण्याला, राहते बदलापूरला. सकाळी ६:४० ची लोकल, त्यामुळे पहाटेचा खर्ज (खालच्या सुरांचा रियाज) जमत नाही. रात्री ९ नंतर ४० मिनिटं मिळतात, पण शेजारी लहान बाळ आहे, आवाज मोकळा सोडता येत नाही.

काय करून पाहिलं: मोबाईलवरचा तानपुरा काळी चारला (माझ्या पट्टीला) लावून आधी अलंकार (स्वरांचे पलटे), मग बागेश्री राग. अलंकारातच २५ मिनिटं संपतात. रविवारी दोन तास एकदम बसले तर सोमवारी घसा बसतो. बागेश्रीत मधल्या 'म'पासून 'ध'वर जाताना जुन्या भीमपलासी रागाच्या सवयीने पंचम (प) ठासून लागतो, जो इथे तसा नको. बाई दर शनिवारी तिथेच थांबवतात, आणि पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. याचं फार वाईट वाटतं.

क्लास बदलायचा नाही, बाई उत्तम शिकवतात. घरी पेटी आहे, तबल्याला ॲप वापरते.

नोकरी सांभाळून मध्यमा किंवा विशारद केलेल्यांनी कृपया सांगा: ही ४० मिनिटं खर्ज, अलंकार आणि राग यांत कशी वाटलीत? आणि हळू आवाजात केलेला रियाज खरंच उपयोगी पडतो, की त्याने गळा दबण्याची सवय लागते?