मदत हवी आहे: एम्बेड केलेल्या पायथनमध्ये सी एक्स्टेन्शन लोड होत नाहीये

लिनक्सवर एक सी++ ॲप्लिकेशन आहे, त्याचा सोर्स माझ्याकडे नाही. ते माझं प्लगिन डीएलओपनने (चालू प्रोग्रॅममध्ये लायब्ररी लोड करणारं फंक्शन) आरटीएलडी_लोकल फ्लॅग लावून उघडतं, म्हणजे त्यातले सिम्बॉल (फंक्शन, व्हेरिएबल यांची नावं) नंतर लोड होणाऱ्या लायब्ररींना दिसत नाहीत, आणि प्लगिनमध्ये मी पायथन ३.११ एम्बेड केलाय, म्हणजे इंटरप्रिटर प्लगिनच्या आतच चालतो; लिबपायथन (त्या इंटरप्रिटरचा कोड) शेअर्ड लायब्ररी म्हणून लिंक आहे. साधे पायथन मॉड्यूल नीट इम्पोर्ट होतात पण नमपाय (आकडेमोडीची लायब्ररी) किंवा माझं स्वतःचं सी एक्स्टेन्शन (सी मध्ये लिहिलेलं मॉड्यूल) घेतलं की लगेच 'अनडिफाइन्ड सिम्बॉल: पायफ्लोट_टाइप' असा एरर. तीच फाइल नेहमीच्या पायथनमधून व्यवस्थित चालते, म्हणजे व्हर्जन, आर्किटेक्चर, पाथ यांचा घोळ नाही, ते आधीच तपासलंय.

कारण कळलंय असं वाटतं. पायथन ३.८ पासून लिनक्सवर एक्स्टेन्शन लिबपायथनशी लिंकच होत नाहीत, सिम्बॉल ग्लोबल स्कोपमध्ये (सगळ्या लायब्ररींना दिसणाऱ्या जागी) मिळतील असं धरून चालतात, आणि इथे ते लोकलमध्ये अडकलेत.

एलडी_प्रीलोडने (प्रोग्रॅम सुरू होतानाच लायब्ररी लोड करायला लावणारं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल) लिबपायथन दिलं तर सगळं चालतं, पण युजरच्या मशीनवर ॲप्लिकेशन सुरू करणं माझ्या हातात नाही. पॅचएल्फने (तयार बायनरी फाइल बदलायचं टूल) एका एक्स्टेन्शनला लिबपायथन जोडून बघितलं, तेही चाललं, पण प्रत्येक व्हीलला (पायथनचं तयार पॅकेज) हे करत बसणं शक्य नाही हो. सिस.सेटडीएलओपनफ्लॅग्जने काही फरक नाही, तो एक्स्टेन्शनपुरताच लागू होतो.

आता पाय_इनिशियलाइझच्या (पायथन सुरू करणारं फंक्शन) आधी प्लगिनमधूनच लिबपायथन आरटीएलडी_नोलोड आणि आरटीएलडी_ग्लोबल लावून परत उघडायचा विचार आहे, म्हणजे नवी प्रत लोड न होता आधीच लोड असलेल्याचे सिम्बॉल ग्लोबल होतील. पण त्याच प्रोसेसमध्ये दुसऱ्या कुणाच्या प्लगिनने वेगळ्या व्हर्जनचा पायथन आणला असेल तर सिम्बॉल एकमेकांत मिसळून क्रॅश होईल का, आणि ते टाळून हे करायचा कुणी वापरलेला मार्ग आहे का?